लाल दिव्याच्या खाली

मराठीत ‘डीजे’ हा माणूस नसतो. आपण डीजे लावतो, डीजे भाड्याने आणतो, दहा वाजता पोलीस आले की डीजे बंद करतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, मागचा जनरेटर आणि वरचे फिरते दिवे, हे सगळं मिळून डीजे होतो. ती भिंत चालवणारा कोणीतरी असतो, पण तो शब्दाच्या बाहेरच राहतो. फार तर त्याला ‘डीजेवाला’ म्हणतात, जसं टेम्पोवाला. कोल्हापूर-सांगलीकडे याच भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. नको असलेला आवाज कमी करण्यासाठी ज्याचं नाव झालं, त्याच्याच नावाने आपण खिडक्यांच्या काचा हादरवतो. भाषेचा हा विनोद मला आवडतो, पण त्यात एक खरी गोष्टही आहे. आपल्याकडे डीजेचं मोजमाप स्पीकरच्या संख्येने होतं. त्यामुळे आवाज किती ठेवायचा हा कुणा माणसाने विचार करून घ्यायचा निर्णय आहे, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

मी शनिवार-रविवारचा डीजे आहे, शब्दाच्या बाहेर राहणाऱ्यांपैकी. सोमवार ते शुक्रवार पुण्यातल्या एका कंपनीत सर्व्हरच्या बाजूचा कोड लिहितो. घरी दोन चॅनेलचा कंट्रोलर आहे, लॅपटॉप आहे. मित्रांच्या गच्च्या, हळदी आणि ऑफिसच्या पार्ट्या एवढंच माझं कार्यक्षेत्र. या लेखाचा विषय आहे, दोन ट्रॅक मिसळताना आवाजाची पातळी कशी ठरवायची. विषय तांत्रिक वाटतो. मलाही तो तसाच वाटायचा. पण एका तबकडीने मला अडवलं, आणि तेव्हापासून माझं मत असं झालंय की पातळी ठरवणं हा डीजेने केलेला समीक्षेचा पहिला निर्णय असतो. तो आपल्यातले बहुतेक जण लक्ष न देता घेतात.

तबकडी आहे चरणजित सिंग यांची, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. १९८२ साली मुंबईत निघालेली. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे सेशन म्युझिशियन. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली : टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेस वाजवणारं यंत्र आणि जुपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यावर त्यांनी दहा राग वाजवले. ८०८ एका लयीत ठोके देत राहतं, खाली ३०३चा बेस घुमत राहतो, आणि वर सिंग रागाची वळणं घेत जातात. त्या काळी ही तबकडी फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. २०१० साली बॉम्बे कनेक्शन या डच लेबलने ती पुन्हा काढली आणि जगभर गाजली. कारण ३०३ आणि ८०८ हीच जोडी पुढे शिकागोच्या अ‍ॅसिड हाउसची ओळख ठरली, आणि त्या प्रकाराचा पहिला ट्रॅक मानला जाणारा फ्युचर या गटाचा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ सालचा आहे. मुंबईतला एक माणूस पाच वर्षं पुढे होता, अशी ती गोष्ट.

माझ्यापर्यंतही ती गोष्ट म्हणूनच आली. ‘अ‍ॅसिड हाउसचा मुंबईकर आजोबा’ असं काहीतरी कुणीतरी म्हटलं, मी रीइश्यूची डिजिटल प्रत विकत घेतली आणि ठरवलं की ही एकदा वाजवायची.

*

मित्राची गच्ची, तीस-पस्तीस लोक, भाड्याचे दोन टॉप आणि एक सबवूफर. रात्री नऊच्या सुमाराला मी एका चालू टेक्नो ट्रॅकमधून सिंग यांच्या यमनमध्ये जायचं ठरवलं होतं. यमन, कारण वेळ तरी पाळली जावी. (दहाला बंद करायचं होतं, त्यामुळे मालकंसाचा प्रश्नच नव्हता.) हेडफोनमध्ये ठोके जुळवले, यमनचा फेडर वर नेला, टेक्नोचा खाली आणला, आणि गच्चीवरची हवाच गेली. लोक थांबले नाहीत, पण अर्ध्या मिनिटात नाचणाऱ्यांचे बोलणारे झाले. एक मित्र येऊन म्हणाला, “अरे, आवाज का कमी केलास?”

मी आवाज कमी केला नव्हता. दोन्ही चॅनेलचे दिवे सारख्याच उंचीपर्यंत उडत होते. मी तसे मुद्दाम जुळवले होते. तरीही मित्राचं बरोबर होतं. मग मी गेनचा नॉब फिरवला. यमन वर आला, दिवे लाल झाले, ८०८चा ठोका, जो त्या तबकडीत टपोरा आणि गोल आहे, तो पुठ्ठ्यावर मारल्यासारखा वाजू लागला, आणि वरच्या सुरांना एक चरचरीत कड आली. दोन मिनिटांत मी कंटाळून पुढच्या टेक्नोवर गेलो. लोक परत नाचू लागले. घरी जाताना माझं निदान झालं होतं : तबकडी ऐतिहासिक आहे, पण नाचायला पुरत नाही.

हे निदान चूक होतं, आणि ते कसं चूक होतं हे समजायला थोडं गणित लागतं.

डिजिटल फाइलीत आवाजाला एक छत असतं. त्याला शून्य डेसिबल म्हणतात आणि बाकी सगळं त्याच्या खाली, उणे आकड्यांत मोजतात. छताच्या वर काही नसतं. तिथे गेलेली लाट सपाट कापली जाते, तेच क्लिपिंग. (आम्हा प्रोग्रामरांना हे ओळखीचं आहे. इंटीजरची कमाल मर्यादा गाठल्यावर पुढच्या आकड्याला जागा उरत नाही, तसंच.) आता प्रत्येक ट्रॅकचे दोन आकडे असतात. एक शिखर : सगळ्यात उंच क्षण, सहसा ड्रमचा ठोका. दुसरी सरासरी : कानाला एकूण किती मोठं वाटतं. मिक्सरवरचे दिवे प्रामुख्याने शिखरांच्या मागे धावतात. कान सरासरी ऐकतो.

समजा चालू टेक्नो ट्रॅकचं शिखर शून्यापाशी आहे आणि सरासरी उणे ७. म्हणजे शिखर आणि सरासरी यांत ७ डेसिबलचं अंतर. समजा जुन्या रेकॉर्डिंगचं शिखर उणे १ आणि सरासरी उणे १५, अंतर १४. शिखरं जुळवली तर जुना ट्रॅक कानाला ७ डेसिबल हळू लागतो. सरासरी जुळवायला जुना ८ डेसिबल वर नेला तर त्याची शिखरं छताच्या ७ डेसिबल वर जातात आणि कापली जातात. माझ्या गच्चीवर आधी पहिली चूक झाली आणि मग मी ती दुसरीने दुरुस्त केली.

तिसरा रस्ता मला त्या रात्री दिसला नाही, कारण तो रात्री दिसतच नाही, संध्याकाळी दिसावा लागतो. तो असा : नवा ट्रॅक ८ डेसिबल खाली घ्यायचा. पहिल्या गाण्यापासूनच. मग दोघांची सरासरी उणे १५ येते, आणि जुन्याची शिखरं छताच्या आत राहतात. हे पुरत नाही, कारण मिसळताना दोन्ही ट्रॅक एकत्र वाजतात आणि त्यांची बेरीज होते : सारख्या पातळीचे दोन वेगळे आवाज मिळून ३ डेसिबल वाढतात, आणि दोन ठोके अगदी एकावर एक पडले तर ६पर्यंत. म्हणून दोघांनाही आणखी तीन-चार डेसिबल खाली ठेवायचं आणि दोघांपैकी एकाचा बेस इक्यूवर कापायचा. आता मिक्सरचे दिवे हिरव्यातच खेळतील आणि गच्चीवर आवाज कमी पडेल. तो भरून काढायचा मिक्सरच्या पुढे, स्पीकरच्या पाठीवरच्या नॉबवर. फाइलीच्या छताशी त्या नॉबचा संबंध नसतो.

कोणत्याही शिकवणीत सांगतात ते नियम हेच आहेत : ट्रॅकच्या सगळ्यात मोठ्या भागावर गेन लावा, त्या वेळी इक्यू मधोमध ठेवा, फेडर पूर्ण वर ठेवा, लाल दिवा लागू देऊ नका, आवाज वाढवायचा तर साखळीच्या शेवटी वाढवा. मी ते सगळे पाळत होतो. नियम एक गोष्ट सांगत नाहीत : संध्याकाळची पातळी कोणत्या ट्रॅकवरून ठरवायची. मी ती हातात असलेल्या पहिल्या ट्रॅकवरून ठरवली होती, आणि तो नवा, मोठा होता. नऊ वाजता यमन येणार आहे हे मला माहीत असूनही, सात वाजता मी त्याच्यासाठी जागा ठेवली नव्हती. जेवायला पंचवीस माणसं येणार हे ठाऊक असताना पहिल्या पंगतीलाच भात संपवावा, तसं.

*

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यावर एक तयार उत्तर असतं : ऑटोगेन. प्रत्येक ट्रॅकची सरासरी मोजून सगळे आपोआप एका पातळीला आणायचे. कल्पना जुनी आहे. २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी ‘रिप्लेगेन’ मांडलं, २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मोजण्याची पद्धत प्रमाणित केली, आज स्पॉटिफाय साधारण उणे १४ या पातळीला गाणी आणून वाजवतं. घरी ऐकायला हे उत्तम आहे. पण डीजेसाठी ते अर्धंच उत्तर आहे. लक्ष्य कोणतं ठेवायचं ते ऑटोगेन तुम्हालाच विचारतं, आणि लक्ष्य उंच ठेवलं तर जुना ट्रॅक वर ढकलून छतावर आपटतो किंवा लिमिटरमध्ये चेपतो. म्हणजे त्याचा टपोरेपणा काढून त्याला आजच्यासारखा करतो.

आणि इथे मला जाणवलं की माझ्यापर्यंत ही तबकडी आली ती आधीच ऑटोगेन लावून आली होती. ‘अ‍ॅसिड हाउसचा आजोबा’ हे वाक्य काय करतं? १९८२ सालची एक गोष्ट उचलून १९८७च्या पातळीला आणतं, म्हणजे आज तिचं महत्त्व ऐकू यावं. त्यात खोटं काही नाही. यंत्रं तीच आहेत. पण असं उचलल्यावर कापलं जातं ते नेमकं या तबकडीचं स्वतःचं. शिकागोच्या ट्रॅकमध्ये ३०३ हाच नायक आहे. त्याचा फिल्टर उघडतो, मिटतो, किंचाळतो, आणि ऐकणारा त्या बदलाचीच वाट पाहतो. सिंग यांच्याकडे ३०३ पखवाजाच्या डाव्या पुडीसारखा खाली असतो. नायक वरचा सूर आहे. त्याला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं आहे, सिंथेसायझरवर जमेल तेवढी मींड घ्यायची आहे. ताल वाढत नाही, फुटत नाही, आजच्या टेक्नोसारखा ‘ड्रॉप’ येत नाही. पाच मिनिटांत घडतं ते रागाच्या चलनात घडतं, आणि ते ऐकायला ठोका आणि सूर यांच्यामधली मोकळी जागा लागते. ती जागा म्हणजेच वरच्या गणितातलं १४ डेसिबलचं अंतर. मी गेन वाढवला तेव्हा नेमकी तीच खाल्ली, आणि मग म्हटलं की यात काही घडत नाही.

शास्त्रीय मैफिलीला जाणाऱ्यांना हे नवीन नाही. गायक बसला की पहिली पाच मिनिटं हाताच्या खुणांत जातात : तानपुरा थोडा वर, तबला खाली, माझा आवाज मॉनिटरमध्ये कमी. कोणाला ते नखरे वाटतात. पण तानपुरा किती वर आहे यावर गायकाचा षड्ज कुठे टेकतो हे ठरतं. ते ठरवल्याशिवाय राग सुरूच होत नाही. डीजेच्या टेबलावर हीच पाच मिनिटं आपण ‘साउंडचेक झाला, वाजतंय’ म्हणून उडवतो.

*

सगळा दोष डीजेचा नाही. नव्या ट्रॅकचं अंतर ७ वर आलं कसं, याची एक कथा आहे आणि तिला ‘लाउडनेस वॉर’ असं नाव आहे. योगायोग असा की तीही १९८२ सालीच सुरू होते असं म्हणता येईल, कारण त्याच वर्षी सीडी बाजारात आली. तबकडीवर मोठा आवाज कापायचा तर खाच रुंद लागते, म्हणून एका बाजूवर किती मिनिटं आणि किती मोठ्याने, यांत तडजोड करावीच लागायची. नाचासाठीची बारा इंची सिंगल याच हिशोबातून आली. सत्तरच्या दशकात न्यू यॉर्कमध्ये टॉम मोल्टन आणि त्यांचे कटिंग इंजिनिअर होझे रॉड्रिगेझ यांच्याकडे सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या, त्यांनी गाणं मोठ्या तबकडीवर पसरून कापलं, आणि ते मोठं, भरदार वाजलं. मोठा आवाज जागा वाढवल्यामुळे मिळाला, हे मला त्या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं.

सीडीने ही तडजोड रद्द केली. सोळा बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळाला, आणि उद्योगाने पुढच्या पंचवीस वर्षांत तो वरच्या काही डेसिबलमध्ये कोंबला. रेडिओवर, बारमध्ये आपलं गाणं शेजारच्यापेक्षा मोठं वाटावं म्हणून. याची कमाल म्हणून मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’चं (२००८) उदाहरण दिलं जातं. चाहत्यांच्या लक्षात आलं की ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये हीच गाणी अधिक मोकळी, न चेपलेली वाजतात. त्यांनी अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून अर्ज केला. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी सांगितलं की गाणी त्यांच्याकडे आली तेव्हाच चेपलेली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गन्स अँड रोझेसचा ‘चायनीज डेमोक्रसी’ आला. त्याचं मास्टरिंग करणारे बॉब लडविग यांनी बँडपुढे पर्याय ठेवले आणि बँडने सगळ्यात कमी चेपलेला निवडला. म्हणजे तेव्हाही पर्याय होता.

स्ट्रीमिंगने सगळी गाणी एका पातळीला आणायला सुरुवात केल्यापासून चेपण्याचा फायदा तिथे उरलेला नाही. पण डीजे वाजवतो त्या विकत घेतलेल्या फाइली. त्यांच्यावर कोणी पातळी लावत नाही. तिथे गेनचा नॉब हीच एकमेव पंचायत, आणि तिचा एकच सदस्य, तोही रात्री अकरा वाजता दमलेला.

*

दमलेला म्हणजे शब्दशः. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली बेल लॅब्जमध्ये दाखवलं की कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही. आवाज कमी असला की बेस जास्त हरवतो, वाढवला की तो परत येतो. म्हणून तोच ट्रॅक दोन डेसिबल मोठा केला की तो ‘चांगला’ वाटतो. दोन मिक्सची तुलना करणारा कोणताही समीक्षक आधी पातळी जुळवत नसेल, तर तो मोठ्या आवाजालाच गुण देत असतो. आणि तासभर मोठा आवाज ऐकल्यावर कान स्वतःला मिटून घेतो, मग कालचाच आवाज आज कमी वाटतो, मग हात नॉबकडे जातो. रात्रीच्या शेवटी माझ्या कानांवर माझाच विश्वास नसतो. मीटर त्या वेळी उपयोगी पडतं ते यासाठी की ते दमत नाही.

हे मी फार उशिरा शिकलो. दोन वर्षांपूर्वी एका हळदीला मी भाड्याच्या भिंतीशेजारी चार तास उभा होतो. प्रत्येक गाण्यागणिक कोणीतरी येऊन “वाढव की” म्हणत होतं आणि मी वाढवत होतो. पहिल्या तासानंतर अ‍ॅम्पचा लिमिटर आवाज वाढूच देत नव्हता, फक्त फाटत होता. मी तरीही नॉब फिरवत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या कानात शिट्टी होती. चौथ्या दिवशीही होती, तेव्हा कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तपासणीचा आलेख दाखवला. डाव्या कानाच्या रेषेत चार हजार हर्ट्झपाशी खळगा होता. “तुम्ही कारखान्यात काम करता का?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आयटीत. त्यांनी आलेखाकडे परत पाहिलं.

प्रश्न बरोबर होता. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेचा, नायॉशचा, कामगारांसाठीचा ठोकताळा असा : ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, आणि १००ला जेमतेम १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या जागांसाठी वरची मर्यादा सांगितली तीही १०० डेसिबलच, १५ मिनिटांच्या सरासरीने. नाचणारा पाणी प्यायला बाहेर जातो, फोन घ्यायला जातो. टेबलामागचा माणूस कामगार असतो, तो तिथेच असतो. त्याला आपण शब्दातही घेतलेलं नाही, तर त्याच्या कानांचा हिशोब कोण ठेवणार?

*

आता यावर एक आक्षेप आहे आणि तो मला टाळता येत नाही. ‘आवाज कमी करा’ हे वाक्य आपल्याकडे निरागस नसतं. ते बहुतेक वेळा बंद खिडकीच्या आतून रस्त्याला उद्देशून म्हटलेलं असतं. ज्या वस्त्यांना वर्षभर कोणी ऐकत नाही, त्यांची मिरवणूक वर्षातून एक-दोनदा सगळ्यांना ऐकू जाते, आणि तेव्हाच शहराला ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आठवतात : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. तेच शहर वर्षभर हॉर्न सहन करतं. मग मी, लॅपटॉप आणि हेडफोनवाला, हेडरूमवर प्रवचन देतोय, तर त्यातही तीच बंद खिडकी नाही का?

थोडी आहे. पण या आक्षेपाचं उत्तर मला जमैकात सापडतं. किंगस्टनमध्ये साउंड सिस्टम ही वस्तीची शान होती. दोन सिस्टम समोरासमोर लावून चुरस व्हायची, आणि मोठा आवाज हा तिथे हक्कच होता. त्याच जगात किंग टबी तयार झाले. त्यांचा धंदा मुळात रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचा. ते आपल्या सिस्टमसाठी स्वतः यंत्रं बांधत. आणि मिक्सरवर बसल्यावर त्यांनी केलं काय? फेडर खाली ओढले. गाणं काढून घेतलं, बेस आणि ड्रम ठेवले, मधूनच गायकाचा एक तुकडा प्रतिध्वनीत सोडून दिला. डब या प्रकाराचा पायाच वजाबाकी आहे. ते आवाजाच्या विरोधात नव्हते. रिकामी जागा आहे म्हणूनच परत येणारा बेस छातीवर बसतो, हे त्यांना माहीत होतं.

म्हणजे भांडण मोठा आवाज विरुद्ध छोटा आवाज असं नाही. १०० डेसिबल स्वच्छही असू शकतात आणि फाटकेही. फरक छतापासूनच्या अंतराचा आहे, आणि इथे पैसा येतो. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात. कानाला दुप्पट मोठं वाटावं म्हणून १० डेसिबल वाढवायचे, तर दहापट. माझ्या यमनसाठी ठेवलेल्या ८ डेसिबलच्या जागेचा अर्थ असा की त्या शिखरांना सुमारे सहापट ताकद तयार ठेवावी लागते, जी बहुतेक वेळ वापरलीच जात नाही. ज्याच्याकडे मोठी सिस्टम आहे तो ती अर्ध्यावर चालवू शकतो. ज्याने परवडेल तेवढे दोन स्पीकर आणलेत त्याला लाल दिव्यातच जावं लागतं. लाल दिवा हा कमी वॅटचा मोठा आवाज आहे. तो लावणाऱ्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. आपण त्याच्या हातात काय दिलंय ते आधी पाहावं.

दुसऱ्या टोकाला न्यू यॉर्कचे डेव्हिड मनकूसो आहेत. १९७०पासून ते आपल्या राहत्या घरी, ‘द लॉफ्ट’मध्ये, पार्ट्या करत. पुढे त्यांनी मिक्सरच काढून टाकला : रेकॉर्ड पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत वाजवायची, मग शांतता, मग पुढची. प्रत्येक रेकॉर्ड बनवणाऱ्याने ठेवलेल्या पातळीत ऐकायची. मला हे पटतं, तरी मला मिसळायचं आहे. दोन काळातल्या दोन गोष्टी एकत्र वाजताना एकमेकींबद्दल काही सांगतात, त्यासाठीच मी हे करतो. पण मनकूसोंमुळे एक प्रश्न आता सोबत असतो : या मिसळण्यात कोण कोणाच्या पातळीला येतंय?

*

या फेब्रुवारीत तीच गच्ची, साधारण तेच लोक. या वेळी मी दुपारी यादी केली आणि सगळ्यात आधी यमन लावला. त्याचा सगळ्यात मोठा भाग शोधला, गेन असा ठेवला की ठोका लालच्या बराच खाली राहील, तो आकडा कागदावर लिहिला, आणि बाकी प्रत्येक ट्रॅक कानाने त्याच्याशी जुळवला. काही ट्रॅक नऊ-दहा डेसिबल खाली आले. मग दोघा मित्रांना गच्चीच्या मध्यावर उभं करून स्पीकरचा नॉब वर नेला. भाड्याने एक सबवूफर जास्त आणला होता. त्याचे पैसे मीच भरले.

सात ते नऊ मिक्सरवर फक्त हिरवे दिवे होते आणि मला सवयीने चुकल्यासारखं वाटत होतं. फोनवरच्या अ‍ॅपने टेबलापाशी ९०च्या आसपास दाखवलं. ते अ‍ॅप फार खरं नसतं, पण हळदीपेक्षा पुष्कळ कमी हे मला कळत होतं. कानात फोमचे बोळे होतेच. नऊच्या पुढे यमनचा फेडर वर नेला, आधीच्या ट्रॅकचा बेस कापला, आणि पंधरा-वीस सेकंद दोन्ही सोबत राहू दिले. मग टेक्नो खाली गेला. ८०८चा ठोका या वेळी गोल होता. त्याच्या वर तो तीव्र मध्यम लांबून सरकत आला तेव्हा कोणीतरी पायऱ्यांवरून मान वळवून पाहिलं.

सगळे नाचले असं सांगितलं तर खोटं होईल. आठ-दहा जण नाचत राहिले, बाकीचे कठड्यापाशी बोलत होते, आणि त्यांना बोलायला ओरडावं लागत नव्हतं. मागच्या वेळी विचारणारा मित्र परत आला. या वेळी त्याने आवाजाबद्दल काही विचारलं नाही, “हे काय आहे?” असं विचारलं. मी त्याला १९८२ सांगितलं, मुंबई सांगितलं, रागाचं नाव सांगितलं. शिकागोचं सांगितलं नाही.

पावणेदहाला आवरायला घेतलं. दहाला सगळं बंद झाल्यावर डावा कान नेहमीप्रमाणे शिट्टी वाजवत होता. ती आता जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आहेत. निदान त्या रात्री ती वाढली नव्हती. कागदावरचा आकडा मी कंट्रोलरच्या खोक्यात ठेवला आहे.